गाडीचं गाऱ्हाणं वेळेवर ऐका

आमच्या घरात गाडीतलं कळतं ते फक्त यांना, अशी माझ्यासकट सगळ्यांची समजूत होती. वास्तविक गाडी रोज चालवते मी. सकाळी मुलाला शाळेत सोडणं, तिथून माझी अर्ध्या दिवसाची शाळा, येताना भाजी आणि दळण, महिन्यातून एकदा सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणं, हे सगळं माझ्याकडे. हे आपले बँकेत पायी जातात. तरी गाडीचं काही निघालं की शेवटचा शब्द यांचा! या समजुतीपायी गेल्या वर्षी आम्हांला ६५ हजारांचा फटका बसला, आणि पैशांपेक्षा मोठं काही गमवायची वेळ थोडक्यात टळली. ती हकिगत आधी सांगते आणि मग त्यातून मी जे शिकले ते.

डाग मी पुसत राहिले

काही वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून माझा डावा घोटा मोडला. हाड जुळलं, पण क्लच दाबला की कळ यायची. म्हणून ओळखीतून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. घेतली तेव्हाच ती बारा वर्षांची होती. पण क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. साताऱ्याच्या चढउतारांवर मला माझा पाय परत मिळाल्यासारखं झालं.

गेल्या वर्षीच्या थंडीत एक गोष्ट लक्षात आली. सकाळी गाडी सुरू करून रिव्हर्स टाकला की ती लगेच हलायची नाही. दोन-तीन सेकंद नुसती उभी, आणि मग धपकन हिसका देऊन निघायची. दुपारी मात्र तक्रार नाही. मी म्हटलं, "अहो, गाडी सकाळी जरा आढेवेढे घेते."

"थंडीत माणूससुद्धा आढेवेढे घेतो. जुनी गाडी आहे, चालायचंच," हे म्हणाले. मलाही ते पटलं.

त्याच सुमारास गाडीखालच्या फरशीवर बांगडीएवढा तांबडा डाग दिसायला लागला. मला वाटलं, चिरंजीवांच्या रंगपेटीचे प्रताप! त्याला ओरडले आणि साबणाच्या पावडरीने डाग घासून काढला. चार दिवसांनी पुन्हा डाग. पुन्हा घासला. असा पाच-सहा वेळा तो डाग मी स्वतःच्या हाताने पुसला, बरं का!

मे महिन्यात आम्ही नणंदेकडे पाचगणीला निघालो. मी, सासूबाई आणि मुलगा. हे दुसऱ्या दिवशी येणार होते. वाई सोडून पसरणी घाट लागला. ऊन मी म्हणत होतं. निम्मा घाट चढलो असू, तेवढ्यात इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडीचा वेग पडत चालला. मी आणखी रेस दिली. आवाज आणखी वाढला, गाडी आणखी मंदावली. एका वळणाच्या अलीकडे ती थांबली आणि चक्क मागे सरकायला लागली. मागे एस.टी. होती! मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी थांबली. एस.टी.च्या ड्रायव्हरने आधीच अंतर ठेवलं होतं म्हणून निभावलं. कंडक्टरने खाली उतरून चाकाला दगड लावला. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसता माझा खांदा धरून बसल्या होत्या.

क्रेनवाल्याच्या ट्रकवर चढून गाडी साताऱ्याला परत आली. गिअरबॉक्स उघडल्यावर मिस्त्रींनी आतल्या प्लेटी मला दाखवल्या. करपलेल्या भाकरीसारख्या काळ्याठिक्कर. म्हणाले, "वहिनी, एक सील गळत होतं. तेल कमी होत गेलं, म्हणून प्लेटी जळाल्या. खाली तांबडा डाग नव्हता का दिसत?"

काय सांगणार! थंडीतच गाडी दाखवली असती तर सील आणि तेल मिळून सहा-सात हजारांत भागलं असतं. ते ६५ हजार आम्ही गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी बाजूला ठेवले होते. तेव्हा गाडीची गळती बंद झाली आणि घराची तशीच राहिली. सगळा पावसाळा स्वयंपाकघरात बादल्या-पातेली मांडून काढला.

आत चालतं तरी काय?

त्यानंतर मी मिस्त्रींना प्रश्न विचारून अगदी भंडावून सोडलं. त्यांनीही कंटाळा न करता समजावून सांगितलं.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही हळूहळू फिरायला लागतील. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामध्ये असेच दोन पंखे असतात, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. पुढे गिअर बदलायचं कामही तेलच करतं. पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब प्लेटींच्या जुड्या आवळतो. कोणती जुडी आवळली त्यावर गिअर ठरतो. या प्लेटींना कागदाच्या जातीचं अस्तर असतं. तेल कमी झालं की दाब कमी पडतो, प्लेटी घसरतात, घसरल्या की तापतात आणि अस्तर जळतं. त्याचा चुरा तेलात मिसळून आतल्या बारीक वाटा तुंबवतो. मग दाब आणखी कमी! हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. म्हणून पहिल्या खुणेलाच महत्त्व.

ही युक्ती काही आजची नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांना 'हायड्रा-मॅटिक' हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला होता. आपल्याकडे मात्र २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून ही सोय मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. त्या पहिल्या गाड्यांनाही आता दहा वर्षं उलटून गेली आहेत. तेव्हा 'जुनी ऑटोमॅटिक' हा विषय पुष्कळ घरांत निघणार आहे.

ओळखायच्या खुणा

उशीर: 'पी'मधून 'डी' किंवा 'आर'मध्ये दांडा टाकल्यावर साधारण सेकंदाभरात गाडीने पकड घ्यायला हवी. ब्रेकवर पाय ठेवून मनात 'एक, दोन, तीन' मोजा. आज दोनला, पुढच्या महिन्यात तीनला पकड घेत असेल तर दुखणं वाढतंय असं समजा. ही खूण रात्रभर थंड झालेल्या गाडीत जास्त दिसते, म्हणून सकाळीच बघावी.

घसरणं: रेस दिली की आवाज वाढतो, समोरचा आर.पी.एम.चा काटा चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. चढावर आणि गाडी भरलेली असताना हे आधी जाणवतं. ही सगळ्यांत गंभीर खूण. असं झालं तर 'हळूहळू घरी नेऊ' म्हणू नये.

गचके: गिअर बदलताना पूर्वी कळायचंही नाही आणि आता मागे बसलेल्यांची मान हलते, किंवा सिग्नलला थांबताना मागून कोणी ढकलल्यासारखं होतं. माझ्या सासूबाई तर "आज गाडीला उचकी लागलीय गं" म्हणायच्या. त्याकडेही मी लक्ष दिलं नव्हतं.

थरथर: चांगल्या रस्त्यावर ५०-६० च्या एकसारख्या वेगाने जाताना, बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरते आणि वेग कमी-जास्त केला की थांबते. हे टॉर्क कन्व्हर्टरमधल्या क्लचचं दुखणं असू शकतं. बऱ्याचदा वेळेवर नुसतं तेल बदलूनही ते बरं होतं.

आवाज आणि वास: गाडी उभी असताना घूं-घूं किंवा कण्हल्यासारखा आवाज येणं, तो रेसबरोबर वाढणं, घाट चढून आल्यावर करपलेल्या तेलाचा उग्र वास येणं. फोडणी जळल्याचा वास ज्यांना दुसऱ्या खोलीतून येतो, त्यांना हा वास ओळखायला शिकवायला नको.

डाग: गाडीखाली रात्री जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी बघा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. काळपट तेल असेल तर बहुधा इंजिनाचं. तांबडं, तेलकट असेल तर गिअरबॉक्सचं असू शकतं. पण पुष्कळ जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचं तेलही तांबडं असतं. रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट कधी हिरवं, कधी गुलाबी-तांबडं असतं. ते पाण्यासारखं पातळ असतं आणि त्याला गोडसर वास येतो. ते विषारी आहे, म्हणून मुलांना आणि मांजरांना त्यापासून दूर ठेवा. डाग कोणताही असो, पुसण्याआधी त्याचा फोटो काढा!

दिवे: 'डी'चं अक्षर लुकलुकणं किंवा इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहणं. काही वेळा गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि वेग वाढतच नाही. ही गाडीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली युक्ती असते. बंद करून सुरू केली की ती कधीकधी ठीक होते, आणि आपण 'बरं झालं' म्हणून विसरून जातो. तसं करू नका. बॅटरी काढून दिवा घालवू नका. आत नोंदलेला बिघाडाचा क्रमांक आधी स्कॅनरवर वाचून घ्यायला सांगा.

प्रत्येक खूण गिअरबॉक्सची नसते

एवढं वाचून घाबरून मात्र जाऊ नका. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं ते तुटलं, तरी 'डी' टाकताना धक्का बसतो. स्पार्क प्लग खराब झाले तरी गाडी थरथरते. ही कामं गिअरबॉक्सच्या मानाने किरकोळ आहेत. म्हणून मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडायचं नाव काढलं, तर "माउंटिंग आणि प्लग बघितलेत का?" हे आधी विचारावं.

शिवाय सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या एका जातीच्या नसतात. सेलेरिओसारख्या एएमटी गाड्यांत साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्सच असतो, फक्त तो यंत्र हलवतं. गिअर बदलताना त्या क्षणभर थबकतात, हा त्यांचा स्वभाव आहे. पण गिअर मध्येच सुटून न्यूट्रल होणं, चढावर क्लच जळल्याचा वास येणं ही दुखण्याचीच लक्षणं. सीव्हीटी जातीच्या गाड्यांत गिअरऐवजी पट्टा आणि पुल्या असतात. तिथे जोरात रेस दिली की आवाज वेगाच्या थोडा पुढे धावतो, ते स्वाभाविक. मात्र उभ्या गाडीवरून निघताना थरथर किंवा नव्याने सुरू झालेली घूं-घूं दुर्लक्षू नये. आपली गाडी कोणत्या जातीची, हे पुस्तकात पाहून घ्या.

तेल पाहावं कसं?

बऱ्याच जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल पाहायची वेगळी पट्टी असते. गाडी सपाट जागी, 'पी'मध्ये आणि गरम असावी लागते. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद केल्यावर लगेच. पुस्तकात जे असेल ते प्रमाण माना. पट्टी स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसा, पुन्हा घाला, बाहेर काढा आणि तेलाचा एक थेंब फडक्यावर टेकवा.

डाळिंबाच्या रसासारखा तांबडा, पारदर्शक दिसला तर उत्तम. तपकिरी झाला असेल तर बदलायची वेळ जवळ आली. काढ्यासारखा काळा आणि करपट वासाचा असेल तर आत काही जळलेलं आहे. आणि सोलकढीसारखा गुलाबी, दुधट दिसला तर गाडी मुळीच चालवू नका. पुष्कळ गाड्यांत हे तेल रेडिएटरमधल्या नळीतून थंड होऊन येतं. ती नळी आत फुटली की कूलंट तेलात मिसळतं आणि प्लेटींचं अस्तर सुटायला लागतं.

काही गाड्यांना ही पट्टीच नसते. तिथे गाडी वर उचलून गॅरेजमध्येच तेल तपासावं लागतं. तेल घालताना पुस्तकात ज्या नावाचं सांगितलं आहे तेच घालावं. इंजिनचं तेल इथे चालत नाही, आणि सीव्हीटीचं साध्या ऑटोमॅटिकलाही चालत नाही. 'या गिअरबॉक्सचं तेल कधीच बदलावं लागत नाही' असं कोणी म्हणालं तर पुस्तक पुन्हा नीट वाचा. घाट, गर्दी आणि उकाडा अशा खडतर वापरासाठी लवकर तेल बदलण्याचं वेगळं वेळापत्रक बहुतेक पुस्तकांत दिलेलं असतं. आपले रस्ते खडतरच म्हणायचे!

मिस्त्रींकडे जाताना

"गाडी कशीतरीच करते" असं सांगितलं तर कोणीही "चालायचंच" म्हणेल. म्हणून दुधाच्या हिशेबाची असते तशी एक छोटी वही गाडीत ठेवा. तारीख, गाडी थंड होती की गरम, वेग किती, चढ होता का, दांडा कुठे होता, किती सेकंद लागले, हे लिहा. आठ दिवसांच्या अशा नोंदी दाखवल्या की समोरचा माणूस कान देऊन ऐकतो, हा माझा अनुभव आहे. सकाळची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना स्वतः हजर राहा. शक्य तर मिस्त्रींना शेजारी बसवून एक फेरी मारा. खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि बदललेले जुने भाग दाखवायला सांगा. यात संकोच कसला? आपण भाजीसुद्धा बघून घेतो.

जुनी ऑटोमॅटिक विकत घ्यायची असेल तर मालकाला फोनवरच सांगा, "आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका." थंड गाडी खरं बोलते. आणि एखादा चढ चढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

वाटेत अडलीच तर

चढावर घसरायला लागली तर आणखी रेस देऊ नका. मी तीच चूक केली. आपत्कालीन दिवे लावा, शक्य तितकं डावीकडे घ्या, ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा, 'पी' टाका आणि चाकाला दगड लावून घ्या. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. दोरीने ओढतही नेऊ नये, कारण इंजिन बंद असलं की तेलाचा पंपही बंद असतो आणि आतले भाग कोरडे घासतात. चारी चाकं वर घेणाऱ्या सपाट ट्रकचाच आग्रह धरा.

रोजच्या सवयी

मागून पुढे आणि पुढून मागे दांडा टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबू द्या. चढावर गाडी रेसवर तोलून धरू नका, ब्रेक वापरा. उतारावर उभी करताना ब्रेक दाबून 'एन' करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या आणि मग 'पी' टाका. घाट उतरताना 'एन' कधीच नको. 'एल' किंवा '२' असेल तर तो वापरा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

आमची गाडी आता ठीक आहे. यंदाच्या मेमध्ये आम्ही पुन्हा पाचगणीला गेलो. निघण्याआधी सासूबाईंनी विचारलं, "तेल बघितलंस ना गं?" पांढरं फडकं दाखवलं तेव्हाच गाडीत बसल्या. आणि परवा कोणीतरी यांना विचारलं, "गाडी कशी चालतेय?" हे म्हणाले, "थांबा हं, तिलाच विचारतो," आणि मला हाक मारली.

मैत्रिणींनो, गाडी रोज ज्याच्या हातात असते त्यालाच तिची कुरकुर आधी ऐकू येते. तुम्हांला काही वेगळं जाणवलं तर 'मला काय कळतंय' म्हणून गप्प बसू नका. वहीत लिहा, घरात सांगा, आणि दोनदा सांगूनही कोणी हललं नाही तर किल्ली उचलून स्वतः गॅरेजमध्ये जा.